पऱ्हाटीतले परके प्रथिन

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले की बेला, जैनथ या मंडलांत यवतमाळसारखीच काळी जमीन, तशीच पऱ्हाटी आणि कानावर बरीचशी मराठीच. हिरवे बोंड फोडले की कधी आत शेंदरी अळी सरकी कुरतडताना सापडते. गंमत अशी, की अळीला मारणारे प्रथिन त्याच झाडाच्या पेशी घडवत असतात.

हे प्रथिन मूळचे बीटीचे. बीटी म्हणजे मातीतला बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा जिवाणू. त्याचे क्राय-१-एसी प्रथिनाचे जनुक घातलेल्या, जालन्याच्या महिको कंपनीच्या कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. जिवाणूचे जनुक झाडाला वाचता येते कसे? पेशी डीएनएची नक्कल संदेशवाहक आरएनएवर उतरवते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचत जातो आणि एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. जीयूजी आले की व्हॅलिन. जिवाणूत, कपाशीत, अळीत आणि तुमच्याआमच्यातही. हा संकेत उलगडल्याबद्दल १९६८ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत हरगोविंद खुराना होते.

तरी सुरुवातीला झाडे बीटीचे प्रथिन जेमतेमच बनवत. तीन अक्षरांच्या त्रयी ६४, अमिनो आम्ले २०. म्हणजे बहुतेक आम्लांना एकाहून अधिक त्रयी. पऱ्हाटी म्हणा की कपाशी, अर्थ तोच; पण कुठे कोणता शब्द रुळलेला आहे, हे गावागणिक बदलते. जिवाणूच्या जनुकात ए आणि टी या अक्षरांची रेलचेल. झाडाची पेशी अशी नक्कल अर्धवटच तोडते किंवा लवकर मोडीत काढते. १९९० च्या सुमारास मोन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रथिन तेच ठेवून जनुकातली अक्षरे झाडाच्या सवयीची केली. तंबाखू-टोमॅटोवरच्या प्रयोगांत प्रथिन शंभर पटींपर्यंत वाढले. बीटीवरच्या भांडणांत ही कारागिरी कोणी सांगत नाही, हे मला नेहमी खटकते.

अळीच्या अल्कधर्मी आतड्यात हे प्रथिन विरघळते, तिथल्या पाचकरसांनी कापले जाते, आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. शेंदरी बोंडअळीने वाट काढली ती इथेच. अळीच्या पेशीतही जनुकाची कच्ची नक्कल आधी छाटली जाते: नको ते तुकडे काढून उरलेले जोडायचे, मग रायबोसोमकडे पाठवायचे. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिनच्या नकलेची ही छाटणी भलतीच होते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कॅडहेरिन धड बनलेच नाही, तर विष चिकटणार कशाला?

क्राय-१-एसी पचवणारी अळी गुजरातेत आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २००६ पासून बाजारात असलेल्या दोन प्रथिनांच्या दुहेरी बियाण्यातले क्राय-२-एबीही तिने पुढे पचवले. हिरव्या बोंडअळीवर बीटीचा वचक अजून बराच टिकून आहे. शेंदरीसाठी मात्र कामगंध सापळे लावायचे, अळी लागून मिटलेल्या डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या आणि डिसेंबरनंतर चार क्विंटल जास्तीच्या आशेने पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घ्यायची नाही. उभ्या पऱ्हाटीत अळीच्या पुढच्या पिढ्यांची सोय होते.