चंद्रावर घर बांधायचं तर माती तिथलीच हवी

अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलांकडे राहायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना शिपोल विमानतळ आणि ट्युलिपच्या बागा चांगल्या ठाऊक असतात. पण तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, समुद्रकाठी, नॉर्डवेइक नावाचं गाव आहे. युरोपियन अवकाश संस्थेचं 'एस्टेक' हे तांत्रिक केंद्र तिथेच आहे. माणसानं चंद्रावर राहायचं कसं, यावर तिथे अभ्यास चालतो. नातवंडांनी विचारलं, तर उत्तर आपल्याजवळ असावं, म्हणून ही थोडी माहिती.

चंद्रावर हवा नाही. त्यामुळे ऊन अडत नाही, ऊब टिकत नाही आणि अवकाशातून येणारे घातक किरण व बारीक दगड थेट आदळतात. विषुववृत्ताजवळ दुपारी तापमान १०० अंशांच्या वर जातं, रात्री उणे १०० च्याही खाली. म्हणजे भिंती जाड हव्यात. पण पृथ्वीवरून विटा-सिमेंट नेणं परवडणारं नाही, कारण तिकडे नेलेल्या प्रत्येक किलोचा खर्च अफाट असतो.

मग उपाय काय? आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांनी केला तोच. घर बांधताना दगड दुरून आणत नसत, जवळच्याच खाणीतला जांभा चिरा काढून वापरत. युरोपियन संस्थेनं फॉस्टर या वास्तुविशारद कंपनीबरोबर २०१३ साली मांडलेली कल्पना अशीच आहे. घडी घातलेला घुमट पृथ्वीवरून न्यायचा, तिथे हवा भरून फुगवायचा आणि यंत्रमानवांनी चंद्राच्याच मातीचे थर त्यावर चढवायचे. घर चार माणसांचं. नमुना म्हणून चंद्रासारख्या मातीचा दीड टनाचा एक ठोकळा छापूनही दाखवला. तो आतून पक्ष्याच्या हाडासारखा पोकळ आहे, म्हणून हलका पण मजबूत.

माती खरंच पांघरुणाचं काम करते का? याचा पुरावा आपल्या चांद्रयान-३ ने २०२३ मध्ये दिला. उतरल्या जागी वर सुमारे ५० अंश तापमान होतं आणि अवघ्या ८ सेंटीमीटर खाली उणे १०!

भिंती झाल्या, आता श्वासाचं बघू. चंद्राच्या मातीच्या वजनात ४० ते ४५ टक्के ऑक्सिजनच असतो, पण तो खनिजांत घट्ट अडकलेला. वितळलेल्या क्षारात ती माती सुमारे ९५० अंशांना तापवून वीज सोडली की ऑक्सिजन सुटतो. अशा प्रयोगाचं यंत्र २०२० मध्ये एस्टेकमध्येच सुरू झालं.

जागा मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. चंद्रावर बहुतेक ठिकाणी दोन आठवडे दिवस आणि दोन आठवडे रात्र. सौरऊर्जेवर चालणाऱ्या घराला ती रात्र जीवघेणी. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही उंच कडांवर मात्र जवळपास सतत ऊन मिळतं आणि शेजारच्या कायम अंधाऱ्या खळग्यांत बर्फ आहे, असं दिसतं.

म्हणजे आपला एक महिना हा तिथला एक दिवस! मग शाब्बाथ कधी धरायचा? इलान रामोन २००३ मध्ये अवकाशात गेले, तेव्हा त्यांना दर दीड तासाने सूर्योदय दिसे. जिथून निघालात तिथलं घड्याळ धरा, असा सल्ला त्यांना मिळाला होता.

भारतातही तयारी चालू आहे. लडाखमध्ये लेह येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने अशा निवासाचा सराव सुरू केला. त्यात मुंबईची आयआयटीही सहभागी होती.

"पृथ्वीवरच घरं पुरेनात, चंद्रावर कशाला?" असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण थेंबन् थेंब पाणी पुन्हा वापरायची विद्या तिथे लागणार, आणि ती इथेही हवीच आहे. अवकाश स्थानकात सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं, हे २०२३ मध्ये दाखवून झालंय.

नॉर्डवेइकला एस्टेकच्या शेजारी 'स्पेस एक्स्पो' हे संग्रहालय आहे. अ‍ॅमस्टेलव्हीनला गेलात, तर नातवंडांना घेऊन एकदा जरूर जा.