ट्रेकला मोबाईलची रेंज गेली तर? वॉकी-टॉकी हातात घेण्याआधी हे शिकून घ्या

कल्पना करा, वीस जणांचा ग्रुप सह्याद्रीतल्या एका घळीतून उतरतोय. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला लीड आणि कुणी मागे सुटू नये म्हणून शेवटी स्वीप. दोघांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर पडलंय. मागे एकाचा पाय मुरगळतो. पुढच्यांना पत्ताच नाही आणि मोबाईलला रेंज नाही.

अशा वेळी वॉकी-टॉकी कामाला येतो, पण तो वापरता येत असेल तरच.

तो चालतो कसा?

मोबाईलला टॉवर लागतो. वॉकी-टॉकीच्या लहरी मात्र एका सेटवरून थेट दुसऱ्या सेटवर जातात. एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नाही.

खोक्यावर '१० किमी' लिहिलंय, मग संपर्क का तुटतो?

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मधे डोंगराची सोंड आली की त्या अडतात. म्हणून समोरासमोरच्या दोन शिखरांवरून कित्येक किलोमीटर बोलता येतं, पण वळणामागे गेलेल्या मित्राशी पाचशे मीटरवरूनही बोलता येत नाही. दाट झाडीही रेंज कमी करते.

संपर्क तुटला तर ओरडून उपयोग नाही, जागा बदला. सुरक्षित असेल तर थोडं वर, मोकळ्या धारेवर या. अँटेना उभी धरा आणि सेट कमरेवरून काढून तोंडासमोर घ्या.

बोलायचं कसं?

- बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
- आधी समोरच्याचं नाव, मग स्वतःचं: "स्वीप, स्वीप, लीड बोलतोय. ओव्हर."
- 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'रॉजर' म्हणजे ऐकलं. 'रॉजर'चा अर्थ 'हो' होत नाही.
- अपघात असेल तर कुठे, काय झालं, किती जण, काय हवंय, या क्रमाने सांगा. समोरच्याला निरोप परत म्हणायला लावा.

बॅटरी वाचवायची असेल तर दर तासाला ठरलेल्या मिनिटाला संपर्क करायचं आधीच ठरवा.

लायसन्स लागतं का?

इथे अनेकांची फसगत होते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट लायसन्सशिवाय वापरता येतात. २०१८च्या नियमांनी ही सूट दिली आहे. पण त्या मॉडेलला सरकारची मान्यता, म्हणजे ईटीए प्रमाणपत्र, असावं लागतं.

ऑनलाईन मिळणारे अनेक सेट या पट्ट्याबाहेरही चालतात. पोलीस आणि आपत्कालीन यंत्रणांच्या संपर्कात त्यांचा अडथळा येऊ शकतो. म्हणूनच २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेट घेताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही तपासा. हॅम रेडिओसाठी वेगळी परीक्षा आणि लायसन्स लागतं.

वॉकी-टॉकी असला म्हणजे आपण सुरक्षित?

नाही. तो तुम्हाला तुमच्याच ग्रुपशी जोडतो. त्यावरून ११२ला फोन लागत नाही आणि बचाव पथक तुमच्या चॅनेलवर ऐकत बसलेलं नसतं. बाहेरची मदत हवी असेल तर मोबाईलच लागतो. तुमच्या सिमला रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल, तर ११२ लागू शकतो.

म्हणून वाट आणि परतायची वेळ घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून निघा. आणि सेटचा सराव आधी जवळच्या टेकडीवर करा. घळीत मित्र जखमी झालेला असताना कुठलं बटण दाबायचं हे शिकायला वेळ मिळत नाही.