स्मृतिविस्तार फलक (जुने सुवाह्य संगणक)

स्मृतिविस्तार फलक म्हणजे संगणकाच्या मूळ स्मृतीत (मेमरीत) भर घालण्यासाठी त्याच्या सॉकेटमध्ये बसवला जाणारा छोटा मुद्रित मंडल फलक होय. १९८०च्या दशकातील सुवाह्य संगणकांचे मूळ फलक आज तयार होत नाहीत. त्यामुळे या यंत्रांचे संग्राहक व अभ्यासक सहज मिळणाऱ्या चिपा वापरून असे फलक स्वतः बनवतात. या लेखात टीआरएस-८० मॉडेल १०० या संगणकाच्या आधारे अशा फलकाची रचना व कार्य स्पष्ट केले आहे.

पार्श्वभूमी

मॉडेल १०० हा संगणक जपानमधील क्योसेरा कंपनीने तयार केला आणि १९८३ मध्ये अमेरिकेत टँडी कंपनीने तो विक्रीस आणला. ऑलिव्हेत्ती एम१० आणि एनईसी पीसी-८२०१ हे त्याच रचनेवर आधारलेले संगणक होत. मॉडेल १०० मध्ये सुमारे २.४ मेगाहर्ट्‌झ वेगाचा ८०सी८५ हा प्रक्रियक, ४० अक्षरे व ८ ओळींचा द्रवस्फटिक पडदा आणि पूर्ण आकाराचा कळफलक होता. तो चार साध्या एए बॅटरींवर चालत असल्याने वार्ताहरांमध्ये विशेष लोकप्रिय झाला.

या यंत्रात चकती नव्हती. वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर व आज्ञावल्या थेट स्मृतीतच साठवल्या जात. त्यामुळे स्मृती वाढवणे म्हणजे कामाच्या जागेबरोबरच साठवणीची जागाही वाढवणे होते. ३२ किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्रात आरंभी २९,६३८ बाइट मोकळे दिसतात. उरलेली जागा यंत्रणा स्वतःसाठी राखून ठेवते. ८ किलोबाइटच्या यंत्रात याच हिशेबाने सुमारे ५,००० बाइट, म्हणजे इंग्रजीतील साधारण ८०० शब्द एवढीच जागा उरते. वार्ताहराच्या दृष्टीने हा एक-दोन बातम्या आणि दिवसभराची टिपणे यांमधील फरक होता.

स्मृतीची मांडणी

८०सी८५ या प्रक्रियकाला १६ पत्तावाहिन्या असतात. त्यामुळे त्याला २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ बाइट एवढ्याच स्थानांपर्यंत पोहोचता येते. मॉडेल १०० मध्ये यांपैकी खालची ३२ किलोबाइट जागा बेसिक भाषा व अंगभूत आज्ञावल्या असलेल्या कायमस्वरूपी स्मृतीने व्यापलेली आहे. वरची ३२ किलोबाइट जागा लेखनक्षम स्मृतीसाठी आहे आणि ती प्रत्येकी ८ किलोबाइटच्या चार भागांत विभागलेली आहे. पहिला भाग सर्वांत वरच्या पत्त्यांवर असतो व पुढील भाग क्रमाने खालच्या दिशेने जोडले जातात. स्मृती सलग असावी लागते. म्हणून सॉकेटे ठरलेल्या क्रमानेच भरावी लागतात.

या संगणकात स्थितिक स्मृती वापरली आहे. गतिक स्मृतीतील माहिती टिकवण्यासाठी ती वारंवार ताजी करावी लागते. स्थितिक स्मृतीला तशी गरज नसते. अत्यल्प प्रवाह मिळत राहिला तरी माहिती टिकते. संगणक बंद असताना हा प्रवाह आतील निकेल-कॅडमियम बॅटरी पुरवते.

मूळ फलकाची रचना

मूळ ८ किलोबाइट फलकावर प्रत्येकी २ किलोबाइटच्या चार चिपा असतात. २ किलोबाइट म्हणजे २,०४८ स्थाने. त्यांसाठी ११ पत्तावाहिन्या पुरतात. या वाहिन्या व आठ विदावाहिन्या चारही चिपांना सामाईक असतात. कोणत्या चिपेने प्रतिसाद द्यायचा हे चार स्वतंत्र निवडवाहिन्या ठरवतात. ज्या वाहिनीची पातळी ० होते तिची चिप कार्यरत होते.

आज ८ किलोबाइटची ६२६४ ही एकच चिप हे काम करू शकते. मात्र तिला १३ पत्तावाहिन्या व एक निवडवाहिनी लागते. शिवाय तिच्या पिनांचा क्रमही वेगळा असतो. त्यामुळे ती मूळ सॉकेटमध्ये थेट बसवता येत नाही. १९८६ च्या मॉडेल १०२ मध्ये मात्र प्रमाणित ८ किलोबाइट चिपेसाठी सॉकेट दिलेले असल्याने वेगळ्या फलकाची गरज पडत नाही.

रूपांतराचे तर्कमंडल

चार निवडवाहिन्यांपासून दोन जादा पत्तावाहिन्या व एक निवडवाहिनी मिळवण्यास चार ‘आणि’ द्वारे पुरतात. ७४एचसी०८ या एकाच चिपेत अशी चार द्वारे असतात. ‘आणि’ द्वाराचे सर्व आदान १ असतील तरच प्रदान १ होते. निवडवाहिन्यांना क्र. ० ते ३ अशी नावे दिल्यास जोडणी पुढीलप्रमाणे होते :

• पहिले द्वार : वाहिनी ० आणि १. याचे प्रदान पत्तावाहिनी ए१२ ला जाते.
• दुसरे द्वार : वाहिनी ० आणि २. याचे प्रदान पत्तावाहिनी ए११ ला जाते.
• तिसरे द्वार : वाहिनी २ आणि ३.
• चौथे द्वार : पहिल्या व तिसऱ्या द्वारांची प्रदाने. याचे प्रदान चिपेच्या निवड-पिनेला जाते.

उदाहरणार्थ, वाहिनी २ ची पातळी ० झाली, तर ए१२ वर १ व ए११ वर ० येतो आणि चिपेतील तिसरा २ किलोबाइट भाग निवडला जातो. चारही वाहिन्या १ असताना निवड-पिनेवरही १ येतो व चिप निष्क्रिय राहते. ३२ किलोबाइटची ६२२५६ चिप वापरल्यास तिच्या उरलेल्या दोन पत्तावाहिन्या भूमीशी जोडतात. त्या मोकळ्या सोडल्यास चिपेचे वर्तन अनिश्चित होते.

घटकांची निवड

आजच्या ७० नॅनोसेकंदांच्या चिपा या प्रक्रियकाच्या गरजेपेक्षा बऱ्याच वेगवान असल्याने वेगाचा प्रश्न येत नाही. खरा प्रश्न वीजवापराचा असतो. संगणक बंद असतानाही स्मृतिचिप व तर्कचिप या दोहोंना राखीव बॅटरीवरूनच प्रवाह मिळतो. म्हणून स्मृतिचिप अल्पशक्ती प्रकारची आणि तर्कचिप सीमॉस प्रकारची असावी लागते. ७४एलएस०८ ही चिप तर्कदृष्ट्या तेच काम करते. पण ती सतत काही मिलिअँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे छोटी राखीव बॅटरी लवकर उतरून साठवलेला मजकूर नष्ट होतो. प्रत्येक चिपेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडण्याची पद्धत आहे.

बसवताना घ्यावयाची काळजी

काम सुरू करण्यापूर्वी स्मृतीतील मजकूर क्रमिक जोडणीद्वारे दुसऱ्या संगणकावर उतरवून घेणे आवश्यक असते. त्यानंतर बॅटरी काढतात व यंत्राच्या तळाशी असलेला स्मृतिपुरवठ्याचा स्विच बंद करतात. संगणक नुसता बंद केल्याने सॉकेटमधील पुरवठा थांबत नाही. फलक उलटा बसल्यास चिपा जळू शकतात. स्थिर विद्युतेनेही त्यांना इजा होते. पेटी उघडल्यावर जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी तपासणे हितावह असते, कारण तिच्यातून पाझरलेला क्षारधर्मी द्रव तांब्याच्या वाहिन्या खाऊन टाकतो. फलक बसवल्यावर कंट्रोल व ब्रेक कळा दाबून धरून रीसेट केले असता यंत्रणा नव्याने सुरू होते व मुख्य सूचीच्या तळाशी मोकळ्या बाइटांची वाढलेली संख्या दिसते.

इतर यंत्रे

प्रत्येक संगणकाची मर्यादा त्याच्या रचनेवर अवलंबून असते. टँडी मॉडेल २०० मध्ये २४ किलोबाइटचे तीन स्वतंत्र संच असतात. केंब्रिज झेड८८ मध्ये बाहेरून घालण्याच्या काडतुसांची सोय आहे. १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्येही स्थितिक स्मृतीच वापरलेली होती. या सर्वांसाठी पत्त्यांची विभागणी, निवडवाहिन्या व राखीव वीजपुरवठा या तीन बाबी समजून घेणे हाच फलकरचनेचा पाया ठरतो.