काळा घोडा ते मशीद: ज्यू मुंबईची पायवाट

मुंबईतील ज्यू वारशाची पदयात्रा बहुधा काळा घोडा चौकात सुरू होते, आणि ते योग्यच आहे, कारण या चौकाचे नावच एका ज्यू घराण्याच्या देणगीतून आले आहे. बगदादहून 1832 च्या सुमारास मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट यांनी ब्रिटिश युवराजाचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. 1965 मध्ये तो तेथून हलवला आणि पुढे राणीच्या बागेत गेला. नाव मात्र चौकातच राहिले. समोरच डेव्हिड ससून ग्रंथालयाची 1870 ची पिवळसर दगडी इमारत आहे.

जवळच्या गल्लीत निळे-पांढरे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग लागते. जेकब ससून यांनी 1884 मध्ये वडील एलियास यांच्या स्मरणार्थ ते बांधले. 2019 मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाल्यावर त्याचा मूळ रंग परतला. रंगीत काचांतून उतरणारा प्रकाश पाहायला सकाळी जावे; आत जाण्यासाठी ओळखपत्र लागते.

पण एवढ्यावर थांबले, तर यात्रा अर्धीच राहते. बगदादी ज्यूंनी शहराला दगडी वास्तू दिल्या; त्यांच्या आधीपासून इथे असलेल्या बेने इस्रायली ज्यूंची खूण शोधायला मांडवीच्या गजबजाटात शिरावे लागते. हे लोक कोकणातले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवताना ते शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून पडली आणि घरची बोली मराठीच झाली. प्रार्थनेची पुस्तकेही मराठीत छापली गेली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवीत मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले: शार हराहमीम, म्हणजे ‘दयेचे द्वार’. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दलचा हा नवस, असे समाजात सांगतात. सध्याची वास्तू 1860 ची. आसपासचे लोक तिला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. रोज लोकलने तिथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

वेळ असल्यास पुढे भायखळ्याला जावे. तिथले मागेन डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससून यांनी 1860 च्या दशकात बांधले. त्याचा घड्याळाचा मनोरा रस्त्यावरूनच दिसतो.