एका पोर्टवर उभा संगणक

पनवेल हे हार्बर मार्गाचं शेवटचं स्टेशन. सकाळी सीएसएमटीकडे निघालेल्या लोकलमध्ये जवळपास प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि त्यातल्या कित्येकांमधला प्रोसेसर एकेकाळच्या ऑफिसातल्या संगणकाहून ताकदवान असतो. तरीही संध्याकाळी घरी आल्यावर सोसायटीचा हिशोब मांडायचा, मुलीचा प्रकल्प टाइप करायचा किंवा जमिनीचा सातबारा काढून छापायचा म्हटलं, की वेगळा संगणक लागतो. तो नसेल तर सायबर कॅफे गाठावा लागतो.

खिशातल्या फोनला एक केबल जोडावी, मॉनिटर सुरू व्हावा, कीबोर्ड-माउस चालू लागावेत आणि समोर पूर्ण संगणक उभा राहावा, हे स्वप्न जुनं आहे. 2011 मध्ये मोटोरोलाने ॲट्रिक्स फोनसोबत लॅपटॉपसारखं कवच विकलं. 2013 मध्ये कॅनॉनिकल कंपनीने ‘उबुंटू एज’ या फोनसाठी लोकांकडे 3 कोटी 20 लाख डॉलर मागितले. जमले 1 कोटी 28 लाख, आणि फोन निघालाच नाही. मायक्रोसॉफ्टचं कॉन्टिन्यूअम 2015 मध्ये आलं आणि लुमिया फोनांबरोबर गेलं. एप्रिल 2017 मध्ये कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी फोनचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. ते अर्धवट काम यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने उचललं.

भारतालाही लिनक्स फोनची तोंडओळख झाली होती. 2016 मध्ये इंटेक्सने लिनक्स या मुक्त प्रणालीवर बेतलेल्या सेलफिशचा ‘ॲक्वा फिश’ फोन 5,499 रुपयांत आणला होता. पण तो फोनच राहिला, टेबलावरचा संगणक झाला नाही.

ते काम अंगावर घेतलं पाइन64 कंपनीच्या पाइनफोन या लिनक्स फोनने. त्याची पहिली तुकडी जानेवारी 2020 मध्ये रवाना झाली, किंमत साधारण दीडशे डॉलर. मागचं झाकण नखाने उघडतं, बॅटरी हाताने काढता येते. आत सहा बारीक स्विच असतात: मोडेम, वायफाय, माइक, दोन्ही कॅमेरे आणि हेडफोन त्यांनी थेट हार्डवेअरमध्येच बंद करता येतात. 199 डॉलरच्या आवृत्तीत 3 जीबी रॅम, 32 जीबी साठवण आणि एक छोटा डॉक मिळायचा. डॉकवर एचडीएमआय, नेटवर्कची केबल आणि दोन यूएसबी. संगणक म्हणून वापरण्याचा सगळा भार मात्र फोनच्या तळाशी असलेल्या एकुलत्या एका यूएसबी-सी पोर्टवर.

या पोर्टची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. फोनमधली ऑलविनर ए64 चिप चित्र एचडीएमआय स्वरूपात बाहेर देते, आणि यूएसबी-सीमधून ते चित्र न्यायचं तर डिस्प्लेपोर्ट स्वरूप लागतं. म्हणून मध्ये एएनएक्स7688 नावाची छोटी चिप बसवली आहे. ती चित्राचं रूप बदलते, मग डॉक ते पुन्हा एचडीएमआय करून मॉनिटरला देतो. त्याच पोर्टमधून चार्जरची वीज आत यायची, कीबोर्डचे संकेत यायचे आणि कोण कोणाला वीज देणार याची बोलणीही तिथेच व्हायची. सुरुवातीच्या बोर्डांवर याच जोडणीत हार्डवेअरचा दोष राहिला. कित्येक डॉक फोनला ओळखूच येईनात. पुढच्या बोर्डावर दुरुस्ती झाली. जुने फोन घेतलेल्यांपैकी काहींनी भिंगाखाली सोल्डरिंग करून ते जागेवर आणले.

ही चिप आणि बाकीचं हार्डवेअर लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, समजावून देण्यात ओंद्रेय यिरमन या चेक प्रोग्रामरचा वाटा फार मोठा आहे. ‘मेगी’ या नावाने ओळखला जाणारा हा माणूस वर्षानुवर्षं या एका फोनचा कर्नेल सांभाळत राहिला. एकाच मेमरी कार्डवरून डझनाहून जास्त लिनक्स प्रणाली सुरू करता येतील अशी व्यवस्थाही त्याने करून दाखवली. मोठ्या कंपन्यांत असल्या कामाला विभागच्या विभाग असतात. इथे एका माणसाच्या चिकाटीवर हजारो लोकांचे फोन चालले, आणि त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पडद्यावर जे दिसतं तेही तितकंच विचारपूर्वक घडवलेलं आहे. लिब्रेम 5 फोन बनवणाऱ्या प्युरिझम कंपनीने पाइनफोनवरही चालणारा ‘फॉश’ हा फोनचा दर्शनी भाग तयार केला. त्यात ईमेलचा प्रोग्राम अरुंद पडद्यावर एका रकान्यात दिसतो, तोच मॉनिटरवर ओढला की दोन रकान्यांत पसरतो. फोनसाठी एक आणि संगणकासाठी दुसरा, असे दोन प्रोग्राम नाहीत. कीबोर्ड जोडून सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडलं की लिब्रेऑफिसमध्ये अर्ज लिहिता येतो. फायरफॉक्स संगणकावरचाच. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत संकेतस्थळावरून मिळतो, आणि संकेतस्थळाला ब्राउझर पुरतो.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि पहिली वेगाची. ए64 ही स्वस्त, जुन्या पिढीची चिप. चार-पाच जड पानं एकदम उघडली की यंत्र अडखळतं. ताकदवान फोन हवा म्हणून पुष्कळ जण 2018 चा वनप्लस 6 घेतात. भारतात तो भरपूर विकला गेला आणि पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली त्यावर छान चालते. पण त्याचा पोर्ट यूएसबी 2.0 चा, त्यातून मॉनिटरला चित्र जातच नाही. पाइनफोनकडे पोर्ट आहे आणि दम नाही. वनप्लसकडे दम आहे आणि पोर्ट नाही.

पनवेलच्या डीटीपीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर विंडोजसाठी आणि इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी घडलेली, ती या एआरएम चिपवर चालत नाहीत. जुन्या फाँटमधल्या लग्नपत्रिका आणि अहवाल आधी युनिकोडमध्ये आणावे लागतील.

सगळ्यात मोठी भिंत पैशांच्या व्यवहाराची. यूपीआयची नेहमीची ॲप अँड्रॉइड आणि आयफोनसाठी बनतात. वेड्रॉइड वापरून लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवता येतं, पण यूपीआय ॲपला त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून खातं बांधायचं असतं, शिवाय फोन प्रमाणित आहे का हेही तपासायचं असतं. तिथे गाडी अडते. नेट बँकिंग ब्राउझरमधून होतं, कारण ओटीपी साध्या एसएमएसने येतो. साध्या फोनसाठी 2022 मध्ये आलेल्या यूपीआय 123पे सेवेत फोन लावून पैसे पाठवता येतात, मर्यादा 10,000 रुपयांची. पण भाजीवाल्याचा क्यूआर त्याने स्कॅन होत नाही. लोकलच्या तिकिटाचं रेलवन ॲपही त्याच दोन प्रणालींसाठी. म्हणजे हा फोन घेऊन निघालेल्या पनवेलकराला स्टेशनवर तिकिटासाठी पुन्हा रांगेत किंवा एटीव्हीएम या तिकीट यंत्रासमोर उभं राहावं लागेल.

आजचा निवाडा असा: लिहिणं, हिशोब, ईमेल आणि सरकारी संकेतस्थळं एवढंच काम असेल आणि खिशात दुसरा फोन ठेवायची तयारी असेल, तर लिनक्स फोन टेबलावरच्या संगणकाची जागा घेऊ शकतो. एकमेव फोन म्हणून तो आपल्याकडे अजून चालणार नाही. ती उणीव भरून काढणं एकट्या प्रोग्रामरांच्या हातात नाही. रेल्वेने लोकलचं तिकीट आणि बँकांनी यूपीआय ब्राउझरमधूनही द्यावं, ही मागणी पनवेलच्या प्रवासी संघटनांनी आणि ग्राहक पंचायतीने लावून धरायला हवी.