पोरवड्यातून आलेलं विशेषण

भाराभर पुस्तकं लिहिणाऱ्याला इंग्रजीत ‘प्रोलिफिक’ म्हणतात. ऐकायला ही स्तुती, पण तिच्या पोटात बहुधा एक शंका असते : इतकं लिहितो, म्हणजे बेताचंच असणार. मुळात शब्दात ही शंका नाही. लॅटिनमध्ये ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. तिला ‘करणे’ या अर्थाचा ‘फाकेरे’ हा धातू जोडून मध्ययुगात ‘प्रोलिफिकुस’ झालं, आणि सतराव्या शतकाच्या मध्याला ते इंग्रजीत आलं ते पिल्लं देणाऱ्या प्राण्यांसाठी, फळणाऱ्या झाडांसाठी. फांद्या फुटलेल्या हळकुंडाला आपण लेकुरवाळं म्हणतो, तसंच हे. कुणी म्हणेल, याच ‘प्रोलेस’पासून ‘प्रोलेटेरियट’ही निघाला, म्हणजे तुच्छता मुळातच आहे. रोममध्ये मालमत्ता नसलेल्यांना ‘प्रोलेटारी’ म्हणत. राज्याला द्यायला त्यांच्याकडे फक्त पोरं, असा अर्थ सिसेरोने लावला आहे. पण तो कमीपणा कफल्लकपणाचा होता, पोरवड्याचा नव्हे. शिवाय व्युत्पत्ती अर्थाचा उगम सांगते. आजचा अर्थ वापरणारेच ठरवतात.

ते कसा ठरवतात, हे अँथनी ट्रोलोपच्या बाबतीत दिसतं. टपाल खात्यात अनेक वर्षं नोकरी केलेल्या या इंग्रज कादंबरीकाराने 47 कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे उठून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला 250 शब्द, हा त्याचा शिरस्ता. मृत्यूनंतर 1883 साली निघालेल्या आत्मचरित्रात त्याने तो सांगितला, वर पुस्तकागणिक कमाईही मांडली. आधीच उतरणीला लागलेली त्याची कीर्ती या हिशेबाने आणखी घसरली, असं अभ्यासक मानत आले आहेत. कादंबऱ्यांतलं अक्षरही बदललं नव्हतं. बदललं ते त्या कशा लिहिल्या याचं ज्ञान. अर्थात 47 कादंबऱ्या वाचण्यापेक्षा 47 हा आकडा वाचणं सोपं.

जास्त लिहिणाऱ्याचं टाकाऊही जास्त निघतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. ट्रोलोपच्या सगळ्या कादंबऱ्या एका तोलाच्या नाहीत. पण टाकाऊ वाढतं तसं टिकाऊही वाढतं. निर्मितिशीलतेचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डीन कीथ सायमंटन यांचा निष्कर्षही असाच, की उत्तम कामांची संख्या सर्वसाधारणपणे एकूण कामांच्या प्रमाणात असते. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरच्या लेखनाची यादी 866 नोंदींची आहे. दृष्टी जवळजवळ गेल्यावरही तो दुसऱ्यांकडून लिहून घेत राहिला आणि 1783 साली तो वारल्यानंतरही सेंट पीटर्सबर्गची अकादमी कित्येक वर्षं त्याचे निबंध छापत होती. त्याच्या निबंधांच्या संख्येकडे बोट दाखवून गणितज्ञ त्याला सुमार ठरवत नाहीत. तिथे प्रत्येक सिद्धता उलगडून तपासावी लागते.