घरघर मोजायची कशी?

होळीच्या मागेपुढे शहापूर-मुरबाडकडे राब भाजायला सुरुवात होते. भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, टहाळे, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. मातीखाली ते बराच वेळ धुमसत राहतं. त्याच दिवसांत वीटभट्ट्याही पेटलेल्या असतात आणि तिथे कामाला आलेल्या कातकरी कुटुंबांची पोरं भट्टीशेजारच्या झोपडीतच वाढतात. पोर खोकतंय का, असं विचारलं तर 'धुरानं छाती भरलीय' असं सांगतात. त्यांच्या लेखी दमा म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं!

मुलांमधला दमा आणि अ‍ॅलर्जी जगभर मोजण्यासाठी १९९१ साली 'आयझॅक' ही पाहणी उभी राहिली, तेव्हा संशोधकांपुढे हीच अडचण होती. 'दमा आहे का?' असं विचारलं तर जिथे डॉक्टर जास्त, तिथेच दमेकरी जास्त निघणार. म्हणून त्यांनी छातीतल्या आवाजाबद्दल विचारलं: गेल्या बारा महिन्यांत शिट्टीसारखी घरघर झाली का? जोडीला धाप लागलेल्या मुलांची चित्रफीतही दाखवली. १९९८ मध्ये निकाल आले. ५६ देशांतली १३-१४ वर्षांची ४,६३,८०१ मुलं त्यात होती. आपल्याकडच्या केंद्रांत मुंबई, पुणे, अकोला आणि गोव्यातलं ओर्लिम हीही होती. वरच्या आणि तळच्या केंद्रांत किमान वीसपट तफावत निघाली. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया वर. इंडोनेशिया, ग्रीस आणि भारत खाली.

या तफावतीचं एक कारण गोठ्यात सापडतं. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज. वंशाने जवळचे, राहणीही मिळतीजुळती. पण आमिशांची गुरं घराला लागून असतात, तर हटराइटांची शेती मोठी आणि यंत्रावरची. २०१६ च्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांमधल्या दम्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास, तर हटराइट मुलांमध्ये २१ टक्क्यांच्या आसपास असल्याचं नोंदलं आहे. गुरांसोबत येणारे जंतू आणि धूळ लहानपणीच अंगवळणी पडली, तर प्रतिकारशक्ती पुढे उगाच बिथरत नाही.

मग मुरबाडच्या गोठ्यालगत वाढणारं पोर सुखरूप? इतकं सोपं नाही. आयझॅकच्याच पुढच्या टप्प्यात, फक्त उघड्या चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या ६-७ वर्षांच्या मुलांमध्ये घरघरीची शक्यता दुपटीच्या आसपास निघाली. राब वर्षातून एकदा पेटतो, चूल दिवसातून दोनदा. माझ्या मते संशयित म्हणून चुलीचा नंबर आधी लागतो. गॅसची शेगडी घरात असली तरी सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून अंघोळीचं पाणी लाकडावरच तापतं. शिवाय पावसाळ्यात कोंदट घरात भिंतींना बुरशी धरते.

दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. मुलांच्या नळ्या मुळातच बारीक. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. म्हणून तासाभरापूर्वी खेळणारं पोर रात्री उठून बसतं, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते.

भारतातला आकडा कमी म्हणून निर्धास्त राहावं, तर हिशेब उलटा बसतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास इथे. पुण्यासह नऊ केंद्रांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत घरघर असणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला रांगा लागतात. 'पंप' (इनहेलर) म्हटलं की मात्र 'सवय लागेल' म्हणून आई-बाप बिचकतात. खरं तर पंपातलं स्टेरॉइड अगदी थोडं असतं आणि थेट श्वासनलिकेत पोचतं. सूज उतरवणारं औषध तेच. ते रोज घ्यायचं, धाप थांबली तरी, डॉक्टर सांगतील तोवर.

लहान मुलाला पंप दाबायचा आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा हे जमत नाही. त्यासाठी पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे एक पोकळ नळकांडं, लागतो. तो परवडत नसेल तर? केपटाउनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, तिथे पंप घट्ट बसवला आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात दिलं. धाप लागलेल्या मुलांवर ती विकतच्या स्पेसरइतकीच चालली, हे १९९९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आहे.